घरी गेल्यावर ठोके कोण मोजणार? टावी करणाऱ्या डॉक्टरांना खानापुरातून खुले पत्र

प्रति,
बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, पुणे आणि बेंगळुरू इथे टावी करणारे सर्व हृदयरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या रुग्णालयांचे व्यवस्थापन

सप्रेम नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. बी.फार्म. होऊन 22 वर्षं झाली, त्यातली 19 याच काउंटरमागे गेली. आमच्याकडे येणारं माणूस गोळ्या न्यायला येतं तसं फाईल वाचून घ्यायलाही येतं. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा भागातली मंडळी शहरात ऑपरेशन करून परतली की बसमधून उतरून आधी दुकानाशी येतात, पिशवीतून जाडजूड फाईल काढतात आणि म्हणतात, "बाई, यात काय लिहिलंय ते जरा सांगा की." मी सांगते. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, पुन्हा कधी दाखवायचं. हे आधी सांगायचं कारण एवढंच की मी ज्या फाईलबद्दल लिहिते आहे ती माझ्या आईच्या टावीची, म्हणजे छाती न उघडता नळीवाटे हृदयाची झडप बसवण्याच्या ऑपरेशनची आहे, आणि तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मी वाचली होती. वाचूनही तिचा अर्थ मला लागला नव्हता.

आधी तुमच्या कामाबद्दल बोलते. आई 76 वर्षांची. पायाला चाकं लावल्यासारखी फिरणारी बाई वर्षभरात अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली तरी खांबाला धरून उभी राहायला लागली. बोलताना वाक्याच्या मधेच थांबायची, दम घ्यायची, मग पुढचा शब्द. तपासणीत कळलं की महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप चुना साचून गच्च झाली आहे आणि डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडायला वाटच उरलेली नाही. अशी झडप असताना दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं सुरू झालं की नुसत्या औषधांवर दोन वर्षं काढणंही जवळजवळ निम्म्या लोकांना जमत नाही, हे मी पुस्तकात शिकले होते. पुस्तकातलं वाक्य आपल्या सोप्यात येऊन बसलं की कसं वाटतं ते तेव्हा कळलं.

तिचं वय, मधुमेह आणि अधू मूत्रपिंडं बघता छाती उघडून ऑपरेशन नको, असं ठरलं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी वर नेऊन जुन्या झडपेच्या आतच नवी झडप बसवायची. फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. अलँ क्रिबिए यांनी एप्रिल 2002 मध्ये माणसावर पहिल्यांदा हे केलं, आणि वीसेक वर्षांत ते आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या म्हातारीपर्यंत पोचलं. शेताचा एक तुकडा विकून आम्ही खर्च केला. तिसऱ्या दिवशी आई वॉर्डात चालत होती आणि माझ्याशी सलग बोलत होती, मधे न थांबता. मी जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. त्या दिवसाचं ऋण माझ्या मनात आहे, आणि पुढचं सगळं मी ते मनात ठेवूनच लिहिते आहे.

चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. घरी येऊन पाच दिवस झाले होते, म्हणजे ऑपरेशनचा नववा दिवस. जुलैचा पाऊस लागून राहिला होता, मलप्रभेला पाणी चढलं होतं, रानात रोप लावणीची घाई होती. आई सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. हातातलं सूप सुटलं, तांदूळ जमिनीवर पसरले आणि ती भिंतीला टेकून एका अंगावर कलली. चार-पाच सेकंद असतील. डोळे उघडले तेव्हा म्हणाली, "डोळ्यापुढं काळोख आला बघ. काय झालं गं मला?" तोंड पांढरंफटक, तळहात गार.

घरातलं बीपीचं मशीन लावलं. वरचा आकडा 160 च्या पुढे, आणि खाली नाडीच्या जागी 34. भाऊ म्हणाला, सेल उतरले असणार. त्याने घड्याळातले सेल काढून मशीनमध्ये घातले. पुन्हा 34. मग मी तिचं मनगट धरलं आणि मोबाईलवरचे सेकंद बघत मोजायला लागले. एक ठोका पडला की दुसरा येईपर्यंत वाटायचं, आता येतच नाही. पूर्ण मिनिटात 33.

डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरला फोन केला. ऑपरेटरने एक्स्टेन्शन जोडलं, तिथे बराच वेळ सूर वाजत राहिला, मग कुणीतरी उचलून सांगितलं की उद्या ओपीडीत घेऊन या, नाव नोंदवा. ते शहर आमच्यापासून पाच तासांवर. फोनवरच्या त्या मुलीचा मला राग नाही. तिच्यासमोर कुठलाच कागद नव्हता ज्यात लिहिलंय की टावी झालेल्या पेशंटची नाडी 34 असली तर उद्यापर्यंत थांबायचं नसतं.

आम्ही आईला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ड्युटीवरचे डॉक्टर कन्नड, वय तिशीच्या आतबाहेर. त्यांनी लगेच ईसीजी काढला, पट्टी हातात धरून दोन क्षण गप्प राहिले आणि विचारलं, "हळे ईसीजी इदेया?" जुना ईसीजी आहे का? फाईल उघडली. बिलांच्या गठ्ठ्याखाली पिन मारलेली एक गुळगुळीत पट्टी होती, ती ऑपरेशनआधीची. घरी सोडतानाचा ईसीजी फाईलमध्ये नव्हताच. डॉक्टरांनी मला समजेल अशा भाषेत, अर्धं कन्नड अर्धं हिंदी, सांगितलं की वरचे कप्पे मिनिटाला 80 ने चाललेत आणि खालचे 33 ने, दोघांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही. पूर्ण हार्ट ब्लॉक. 108 बोलावली. गणेबैलचा टोलनाका येईपर्यंत आई दुसऱ्यांदा बेशुद्ध झाली. बेळगावात पोचल्यावर आधी ठोके चालू ठेवणारी तात्पुरती वायर घातली आणि दोन दिवसांनी कायमचा पेसमेकर बसवला. आता ती बरी आहे. गेल्या आठवड्यात तिने एकटीने शेवया केल्या.

बेळगावच्या डॉक्टरांनी फाईल चाळता चाळता एका ओळीवर बोट ठेवलं. जुना आरबीबीबी, पीआर 250, फॉलोअप एका महिन्याने. हीच ती ओळ. मी ती वाचली होती आणि पुढच्या गोळ्यांच्या यादीकडे वळले होते, कारण माझं काम गोळ्यांचं.

त्या ओळीचा अर्थ मी नंतर शिकले. तो इथे सविस्तर लिहिते. तुम्हाला तो शिकवण्याचा हेतू नाही, पण हे पत्र तुमच्याबरोबर इतर पेशंटांचे लेक-सुनाही वाचतील, आणि त्यांना तो कुणी सांगितलेला नसेल.

हृदयाचे ठोके विजेच्या संदेशावर पडतात. वरच्या उजव्या कप्प्यातल्या एका गाठीतून संदेश निघतो, मधल्या गाठीत येऊन जरा थबकतो, तिथून एका बारीक जुडग्यातून खाली उतरतो आणि डाव्या-उजव्या अशा दोन शाखांनी खालच्या कप्प्यांना पोचतो. ते जुडगं 1893 मध्ये विल्हेल्म हिस यांनी दाखवून दिलं, मधली गाठ 1906 मध्ये जपानच्या सुनाओ तावारा यांनी. हे जुडगं महाधमनीच्या झडपेच्या दोन पाकळ्या जिथे एकत्र येतात त्याच्या लगेच खालून जातं, पडद्याएवढ्या पातळ भिंतीतून. मधे अंतर काही मिलिमीटरचं. म्हणजे तुम्ही नवी झडप जिथे रोवता, त्याला खेटूनच घराची मुख्य वायर गेलेली असते.

आमच्याकडे नव्या घरात भिंतीच्या आतून वायरिंग करतात. कुणी तसबिरीसाठी खिळा ठोकला आणि तो वायरीत गेला तर दिवे जागीच जातात. पण कधी खिळा नुसता घासून जातो, वायरीचं आवरण सोलवटतं. त्या दिवशी काही होत नाही. पहिल्या पावसात भिंतीला ओल आली की मध्यरात्री घर अंधारात. आईचं असंच झालं. झडपेची जाळी उघडताना चुन्याचे खडे बाजूला रेटले जातात, भिंत दाबली जाते, सूज येते, कधी आत थोडं रक्त साकळतं. जी झडप आपली आपण उमलते, तिची निटिनॉल या लवचीक धातूची जाळी तर नंतरही काही दिवस बाहेरच्या बाजूला दाब देत राहते. म्हणून टेबलावर सगळं ठीक दिसलेल्या माणसाचाही ठोका चौथ्या, सातव्या, नवव्या दिवशी अडू शकतो.

आता आरबीबीबी. आईची उजवी शाखा आधीपासूनच बंद होती, वयामुळे असेल. तिचा काही त्रास नव्हता, कारण सगळा कारभार डाव्या शाखेवर चालला होता. पण नवी झडप दाब देते तो डाव्या शाखेच्या उगमाशी. आधीच एका फाटकावर चाललेल्या घराचं दुसरं फाटक अडलं की काय राहिलं? टावीनंतर पेसमेकर कुणाला लागेल याचे जे संकेत आहेत, त्यांत ही आधीची उजव्या शाखेची अडचण सगळ्यात ठळक मानली जाते. आणि पीआर म्हणजे वरून खाली संदेश पोचायला लागणारा वेळ. तो 200 मिलिसेकंदांच्या आत असावा. आईचा ऑपरेशनआधी 190 होता, सोडताना 250. वाट अरुंद होत चालल्याचं ती ओळ सांगत होती.

हे क्वचित कुणाला तरी होतं असंही नाही. कमी जोखमीच्या पेशंटांवरचे दोन मोठे अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. फुग्याने उघडणाऱ्या झडपेत पहिल्या महिन्यात 6.5 टक्के लोकांना नव्याने पेसमेकर लागला, आपोआप उमलणाऱ्या झडपेत 17.4 टक्के लोकांना. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनात हेच आकडे 4 आणि 6.1 होते. तेव्हापासून झडप जरा वर बसवण्याची पद्धत आली आणि प्रमाण घटलं आहे हे मला माहीत आहे. नव्याने डाव्या शाखेचा अडथळा तयार होणं मात्र याहूनही जास्त जणांत दिसतं.

तुम्ही म्हणाल, पेसमेकर लागू शकतो हे सांगितलेलं असतं. खरं आहे. भावाने सही केलेल्या संमतीपत्रात ते इंग्रजीत होतं आणि डॉक्टरांनी तोंडीही एकदा सांगितलं होतं. आम्ही समजलो की ऑपरेशनच्या वेळी लागला तर लागला, नाही लागला तर सुटलो. आईच्या गळ्यातून एक वायर घातली होती. ती कशासाठी, असं मी सिस्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ठोके कमी झाले तर खबरदारी. दुसऱ्या दिवशी ती वायर काढली आणि आम्हाला वाटलं की खबरदारीची गरजही संपली. घरी गेल्यावरही हे होऊ शकतं, पहिले दोन आठवडे जास्त जपायचं असतं, चक्कर आली तर अशक्तपणा म्हणून सोडून द्यायची नाही, हे कुणीही म्हणालं नाही.

आईला चौथ्या दिवशी घरी सोडणं बरोबर होतं की चूक, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. खाट अडवून ठेवणं रुग्णालयाला परवडत नाही, आणि आम्हालाही रोजचं भाडं परवडत नव्हतं. माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या मॉनिटरवर चार दिवस रात्रंदिवस हलणारी ती हिरवी रेघ आईला घरी सोडताना एकदम थांबली आणि तिची जागा घेणारं काहीच आमच्या हातात दिलं गेलं नाही. पुढची भेट एका महिन्याने. धोका होता तो त्याच्या आतल्या दिवसांत.

यावर उपाय तुमच्याच क्षेत्राने लिहून ठेवलेले आहेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2020 मध्ये आणि युरोपातल्या संघटनेने 2021 मध्ये टावीनंतरच्या ठोक्यांबद्दल सविस्तर सूचना दिल्या. ज्यांच्या ईसीजीत नवा बदल दिसला, त्यांच्या अंगावर घरी जातानाही ठोके नोंदवणारं यंत्र असावं, निदान 14 दिवस, असं अमेरिकेच्या सूचनेत आहे. उजवी शाखा आधीच बंद असलेल्या माणसात नवी गडबड दिसली तर लवकर पेसमेकर बसवण्याचा विचार करावा, असं युरोपच्या सूचनेत आहे. छातीला चिकटवायची पट्टी मिळते, निदान हॉल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं यंत्र, तरी मिळतं. लाखांच्या बिलात त्याचं भाडं किती? पंधरा लाख उभे करणाऱ्या कुटुंबाला ते सांगितलं असतं तर आम्ही नाही म्हटलं नसतं.

आणि यंत्र नसलं तरी ईसीजी आहे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी मशीन आहे. कर्नाटक सरकारची डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजना आहे, तिच्यात तालुका रुग्णालयात काढलेला ईसीजी मोठ्या केंद्रातले डॉक्टर तिथे बसून बघतात आणि हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन गावातच मोफत दिलं जातं. वाट तयार आहे. टावी झालेल्या माणसाला पाचव्या, सातव्या, दहाव्या, चौदाव्या दिवशी तिथे जाऊन ईसीजी काढा आणि या नंबरला फोटो पाठवा, एवढं कार्डावर लिहायला कसलाच खर्च येत नाही. बेळगावच्या जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे की तालुका दवाखान्यांना असे पेशंट येतील याची कल्पना द्यावी. आमच्या त्या तरुण डॉक्टरांनी टावी झालेला पेशंट पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी ओळखलं, हे आमचं नशीब.

जुन्या ईसीजीचं एक सांगते, कारण ते अगदी साधं आहे आणि कुणीच करत नाही. घरी सोडतानाच्या ईसीजीची प्रत पेशंटच्या हातात द्या, आणि ती झेरॉक्स असू द्या. मशीनमधून निघणारी गुळगुळीत पट्टी उष्णतेवर छापलेली असते. आमच्या दुकानातली बिलं तशाच कागदावर निघतात, सहा महिन्यांत कोरी होतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चुलीजवळच्या फळीवर ठेवलेल्या फाईलमध्ये तर त्याआधीच. तालुक्याचा डॉक्टर सगळ्यात आधी जुना ईसीजी मागतो. तो नसला की नवं काय नि जुनं काय हे ठरवण्यात वेळ जातो.

आता गोळ्यांचं, जे माझं क्षेत्र. डिस्चार्ज कार्डावर शेवटी लिहिलं होतं, आधीची औषधं चालू ठेवा. आधीच्या औषधांत मेटोप्रोलॉल होतं, बीपीचं. ते ठोके सावकाश करतं, मधल्या गाठीतून जाणारा संदेश आणखी धिमा करतं. मी स्वतः फडताळातून काढून तिला दिलं, रोज सकाळी, पाच दिवस. बेळगावच्या डॉक्टरांनी समजावलं की तिचा ब्लॉक गाठीच्या खालचा होता, एकट्या गोळीने तो झालेला नाही. तरीही अशा दिवसांत ती गोळी द्यायची की थांबवायची हे एका शब्दात लिहिलेलं असायला हवं होतं. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही तीन नावं आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या डब्यात हमखास सापडतात. 'आधीची औषधं चालू ठेवा' हे वाक्य टावीच्या कार्डावरून कृपा करून काढून टाका आणि एकेका गोळीचं नाव घेऊन चालू की बंद ते लिहा.

टावीनंतर ठोक्यांची दुसरी गडबडही होते. वरचे कप्पे नुसते थरथरायला लागतात, नाडी आडवीतिडवी पडते. त्यात रक्ताची गुठळी होऊन लकवा येण्याचा धोका वाढतो आणि रक्त पातळ करणारी गोळी लागू शकते. आईला ते झालं नाही, म्हणून मी त्यावर जास्त लिहीत नाही, पण नाडी मोजायला शिकवताना ती किती पडते याबरोबर एकसारखी पडते का, हेही शिकवा.

आता आमच्या भागाबद्दल. सीमाप्रश्नावर लिहायला मी बसलेली नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण आजारी माणसाच्या वाटेत ती सीमा कशी येते हे तुम्हाला ठाऊक असावं. आमच्याकडची माणसं कुणी बेळगाव-हुबळीला जातात, कुणी बेंगळुरूला, आणि बरीच कोल्हापूर-पुण्याला, कारण तिथे डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येतं. सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला. योजनांचं काय व्हायचं ते होवो. आमच्या घरात काय होतं, तर ऑपरेशन एका राज्यात आणि मध्यरात्रीची धावपळ दुसऱ्या राज्यात. दवाखान्याची पाटी कन्नड, फाईल इंग्रजी, आणि पेशंट चौथीपर्यंत मराठी शाळा शिकलेली. तिघांना जोडणारा कागद कुणाकडेच नाही.

एखाद्या भागात 15 टक्क्यांहून जास्त लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही असाव्यात, अशी भाषिक अल्पसंख्याकांसाठीची तरतूद देशात कित्येक दशकांपासून आहे. खानापूर तालुक्यात मराठी बोलणारे त्याच्या कितीतरी पट आहेत. खासगी रुग्णालयाला ती तरतूद लागू नसेल. पण जीव वाचवणारी सूचना माणसाला कळेल त्या भाषेत द्यायला कायद्याची वाट बघायची गरज नसावी. मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या, दोन्ही एकाच कागदावर द्या. आमच्या शेजारी कन्नड शाळेतले सर राहतात, त्यांच्या वडिलांची झडपही आईसारखीच आहे. त्यांची अडचण आणि माझी अडचण एकच.

अंतराबद्दलही विचारा. घर कुठे, जवळचा ईसीजी किती किलोमीटरवर, पावसाळ्यात रस्ता चालू असतो का, मोबाईलला रेंज येते का. खानापूर ते बेळगाव रस्ता चांगला आहे, म्हणून आई वाचली. कणकुंबीच्या वरच्या अंगाला, जंगलातल्या वाड्यांवर पावसात दिवसच्या दिवस फोन लागत नाही. तिथल्या माणसाला चौथ्या दिवशी सोडणं आणि रुग्णालयाजवळच राहणाऱ्याला सोडणं सारखं कसं असेल? मी असं म्हणत नाही की लांबच्या प्रत्येकाला पेसमेकर बसवून टाका. पेसमेकर म्हणजे जन्माचा सोबती, दर काही महिन्यांनी तपासणी, 8-10 वर्षांनी बॅटरी, आणि खालचा उजवा कप्पा सतत मशीनवर चालवला तर काहींचं हृदय कालांतराने कमजोर होतं, हेही मी शिकले. पण तागडीत एका बाजूला पीआरचा आकडा ठेवता, तेव्हा दुसऱ्या बाजूला पेशंटचं गावही ठेवा. आणखी चार दिवस शहरातल्या नातेवाइकाकडे राहा, एवढा सल्लाही पुरेसा असतो. आमची मावशी त्याच शहरात राहते. कुणी विचारलंच नाही.

आईला पेसमेकर बसल्यावर गल्लीतल्या बायका विचारायला आल्या की पहिलं ऑपरेशन फसलं का. मी त्यांना सांगितलं, फसलं नाही. झडप उत्तम चालते आहे, मशीन फक्त ठोका अडला की हाक देतं. ज्यांच्या घरी असा निर्णय समोर असेल त्यांनी हे पत्र वाचून घाबरू नये. आईला पुन्हा तीच झडप बसवायची वेळ आली असती तर मी पुन्हा होच म्हटलं असतं.

दुकानात बसून मी एक कागद तयार केला आहे, एका पानाचा. वर ऑपरेशनची तारीख आणि झडपेचं नाव. त्याखाली ऑपरेशनआधीच्या आणि घरी सोडतानाच्या ईसीजीत काय होतं ते दोन ओळींत, झेरॉक्स मागे जोडलेल्या. मग घरच्यांसाठी: पहिले 14 दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पूर्ण मिनिटभर नाडी मोजून इथे लिहा. पेशंटला बाथरूमची कडी लावू देऊ नका, शेतात किंवा विहिरीवर एकटं पाठवू नका. चक्कर, डोळ्यापुढे काळोख, अचानक दम, शुद्ध हरपणं यातलं काहीही झालं तर मशीनचे सेल बदलत बसू नका, जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा आणि हा कागद डॉक्टरांना दाखवा. त्याखाली त्या डॉक्टरांसाठी इंग्रजीत चार ओळी, आणि दिवसरात्र उचलला जाणारा एक फोन नंबर. सरांनी याचंच कन्नड करून दिलं आहे.

दोन जागा मी कोऱ्या सोडल्या आहेत. एक त्या फोन नंबरची. दुसरी या ओळीत: नाडी मिनिटाला ____ च्या खाली गेली तर थांबू नका. तो आकडा मी माझ्या मनाने लिहिणं बरोबर नाही, तो तुम्ही भरून द्या. बाकीचंही तपासा, चुकलं असेल तिथे खोडा. आषाढ लागायच्या आत मला तो छापून काउंटरवर ठेवायचा आहे.

आपली नम्र,
खानापुरातली एक औषध विक्रेती